शेल तेलाचा एनएमआर: आधी ओलेफिनचा हिशेब, मग ॲरोमॅटिकचा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे तेलशेल (सेंद्रिय पदार्थ असलेला खडक) तापवून काढलेल्या तेलाचा नमुना आहे. त्याचा कार्बन-१३ एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपणारी मोजणी) तिनं दोनदा घेतला. नेहमीच्या पद्धतीनं ॲरोमॅटिक कार्बन, म्हणजे बेंझीनसारख्या कड्यांतला कार्बन, १७ टक्के आला. क्रोमियमचं संयुग घालून रात्रभर चालवल्यावर तोच २५ टक्के झाला. हायड्रोजनच्या वर्णपटावरून (एनएमआर संकेतांच्या आलेखावरून) ब्राऊन-लॅडनर सूत्रानं काढला तर २७ टक्के. यातला खरा आकडा कोणता, आणि या तेलातल्या हायड्रोकार्बनबद्दल एनएमआर नेमकं काय सांगू शकतो?

तिन्हींतला एकही आकडा जसाच्या तसा प्रबंधात घालू नका. तुम्ही पाठवलेल्या क्षेत्रफळांवरून तुमच्या तेलातला ॲरोमॅटिक कार्बन २२ टक्क्यांच्या आसपास येतो. १७ हा मोजणीच्या घाईमुळे कमी आला आहे. २५ आणि २७ मध्ये ओलेफिनचा, म्हणजे साखळीतल्या दुहेरी बंधाचा, कार्बन ॲरोमॅटिक म्हणून मोजला गेला आहे. पेट्रोलियमच्या नमुन्यांवर बरीच वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की शेल तेलाला कच्च्या तेलाची कृती लावली की हीच गल्लत होते. ओलेफिन किती आणि कुठल्या जातीचे, हे ठरवल्याशिवाय बाकीचा एकही आकडा काढायला घेऊ नये.

हे तेल मुळात वेगळं का आहे, तिथून सुरू करू. आपल्या पुण्याखाली सगळा बसाल्ट, त्यामुळे इथल्या प्रयोगशाळेत येणारा शेलचा प्रत्येक नमुना बाहेरचा असतो, आणि बाटलीवर ‘शेल ऑइल’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ येतात. एक, शेलच्या बारीक छिद्रांत निसर्गानंच पिकवलेलं तेल. अमेरिकेतल्या बाकन किंवा ईगल फोर्डमधून खडक फोडून काढतात ते हे. आपल्याकडे २०१३ मध्ये केंद्र सरकारनं शेल वायू आणि शेल तेलाच्या शोधाचं धोरण आणलं आणि खंबातच्या खोऱ्यातल्या शेलची चर्चा सुरू झाली, तीही याच प्रकारच्या तेलाची. दुसरा पदार्थ म्हणजे कच्च्या, न पिकलेल्या तेलशेलला बंद भट्टीत साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवून काढलेलं तेल. एस्टोनियाचा कुकरसाइट, कोलोरॅडो-युटाह-वायोमिंगमधला ग्रीन रिव्हर शेल, चीनमधला फुशुनचा शेल यांचं तेल असं निघतं. तुमचं तेल या दुसऱ्या घराण्यातलं.

खडकातला सेंद्रिय पदार्थ, म्हणजे केरोजेन, कुठल्याच द्रावकात विरघळत नाही. भट्टीत त्याच्या लांब साखळ्या तुटतात तेव्हा तुटलेल्या एका टोकाला हायड्रोजन मिळतो आणि पॅराफिन, म्हणजे दुहेरी बंध नसलेली साखळी, तयार होतं, दुसऱ्याला मिळत नाही आणि टोकाला दुहेरी बंध असलेला ओलेफिन तयार होतो. निसर्गात हेच काम कमी तापमानाला लाखो वर्षं चालतं. तिथे ओलेफिन टिकत नाहीत, म्हणून जमिनीतून आलेल्या तेलात ते जवळजवळ सापडत नाहीत. बाटलीत नेमकं काय आहे अशी शंका असेल तर पाच मिनिटांत हायड्रोजनचा वर्णपट घ्या आणि ४.५ ते ६.५ पीपीएमचा (पीपीएम म्हणजे वर्णपटातल्या जागेचं माप) पट्टा बघा. तिथे सपाट रेघ असेल तर तेल खडकातून आलेलं आहे. ४.९-५.० आणि ५.८ ला शिखरांचे ठळक गुच्छ दिसले तर ते भट्टीतून आलेलं आहे. तुमच्या वर्णपटात हे गुच्छ लांबूनही ओळखू येतात.

आता पहिल्या कार्बन मोजणीकडे येऊ.

एनएमआरची खरी ताकद मोजण्यात आहे. नमुना नीट विश्रांतीला आला असेल तर (म्हणजे रेडिओ स्पंदानंतर केंद्रकं मूळ स्थितीत परतली असतील तर) प्रत्येक केंद्रकाचा संकेत त्या केंद्रकांच्या संख्येच्या प्रमाणात असतो, मग ते केंद्रक साखळीच्या डेकेनमध्ये असो की कड्यांच्या पायरिनमध्ये. मिश्रणातली संयुगं वेगळी करणाऱ्या वायू क्रोमॅटोग्राफीत वेगवेगळ्या संयुगांना वेगवेगळे प्रतिसाद गुणक लागतात, जड रेणू स्तंभातून बाहेरच येत नाहीत, आणि शेवटी ‘न उलगडलेला’ उंचवटा उरतो. एनएमआरमध्ये तेल जसं आहे तसं, सगळंच्या सगळं मोजलं जातं. या तंत्राची सुरुवातच हायड्रोकार्बनवर झाली, हे मला नेहमी आवडतं: डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्डला पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी पहिल्यांदा हा अनुनाद पकडला तो पॅराफिन मेणात. त्याच सुमारास स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या गटानं तो पाण्यात पाहिला, आणि १९५२ चं नोबेल पर्सेल आणि ब्लॉख यांना मिळून मिळालं.

पण ‘नीट विश्रांतीला आला असेल तर’ ही अट कार्बन-१३ च्या बाबतीत फार कडक आहे. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ फक्त १.१ टक्के असतो, म्हणून हजारो वेळा स्पंद देऊन संकेत साठवावे लागतात. वेळ वाचवण्यासाठी नेहमीच्या मोजणीत दोन स्पंदांमध्ये एक-दोन सेकंदांचंच अंतर ठेवतात. संश्लेषण करणाऱ्यांना रेणू ओळखायचा असतो, त्यांना ते पुरतं. तुमच्या तेलात हायड्रोजन जोडलेले साखळीतले कार्बन एक-दोन सेकंदांत पूर्ववत होतात. ॲरोमॅटिक कड्यातल्या ज्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, म्हणजे जिथे दोन कडी जुळतात किंवा जिथे साखळी लागलेली असते, त्यांना कित्येक सेकंद लागतात, कधी दहा-वीस सेकंद. ढोल पथकात दमलेल्या वादकाचा हात वर येण्याआधीच पुढचा ठोका पडला तर त्याचा आवाज क्षीण निघतो, तसं या कार्बनचं होतं: ते हजर असतात, पण आवाज निघत नाही. शिवाय हायड्रोजनचं विलगीकरण (कार्बनच्या रेषांवरचा हायड्रोजनचा परिणाम वेगळ्या रेडिओ लहरींनी पुसणं) चालू असताना ओव्हरहाउझर परिणामामुळे हायड्रोजनजवळच्या कार्बनचा संकेत जास्तीत जास्त तिप्पट होऊ शकतो, आणि हायड्रोजन नसलेल्यांना तो लाभ फार थोडा मिळतो. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात, ॲरोमॅटिक कमी दाखवण्याकडे. तुमचे १७ टक्के तिथून आले.

दुसऱ्या वेळी तुम्ही केलंत ते बरोबर होतं. क्रोमियम ॲसिटिलॲसिटोनेट ०.०२ ते ०.०५ मोलर, म्हणजे ५ मिलिमीटरच्या ट्यूबमधल्या ०.६ मिलिलिटर द्रावणाला साधारण ६ मिलिग्रॅम. यानं सगळ्याच कार्बनचा विश्रांतिकाळ एखाद-दोन सेकंदांवर येतो. विलगीकरण फक्त संकेत गोळा करतानाच चालू ठेवायचं, म्हणजे ओव्हरहाउझरचा वाटा निघून जातो. दोन स्पंदांमध्ये ५ ते १० सेकंद. ६ सेकंदांच्या आवर्तनानं ४,०९६ स्पंदांना पावणेसात तासांच्या आसपास लागतात, म्हणून ही मोजणी रात्रीच लावावी लागते. पाषाणला एनसीएल किंवा आयसरमध्ये, किंवा कुठल्याही सामायिक सुविधेत वेळ मागताना अर्जातच ‘परिमाणात्मक कार्बन, रात्रभर’ असं स्पष्ट लिहा आणि चालकाशी प्रत्यक्ष बोला. न सांगितल्यास तो नेहमीची फाइल लावेल आणि त्यात त्याचा काही दोष नाही. एक खबरदारी: हायड्रोजनचा वर्णपट क्रोमियम घालण्याआधीच घ्या. नंतर घेतलात तर रेषा रुंद होतात आणि ओलेफिनचे गुच्छ एकमेकांत मिसळतात. ४०० मेगाहर्ट्झचं यंत्र, म्हणजे ९.४ टेस्लाचं, या कामाला पुरेसं आहे. याहून मोठ्या यंत्रासाठी ताटकळू नका.

मग २५ टक्के का नाहीत? कार्बनच्या वर्णपटात १०० ते १६० पीपीएमचा सगळा पट्टा तुम्ही ॲरोमॅटिक धरलात. कच्च्या तेलात ते चालतं. तुमच्या तेलात त्याच पट्ट्यात ओलेफिनचे कार्बनही बसलेले आहेत. टोकाच्या दुहेरी बंधाची दोन शिखरं सरळ दिसतात, ११४.१ आणि १३९.२ पीपीएमला. साखळीच्या मधल्या दुहेरी बंधांचे कार्बन मात्र १२४ ते १३२ च्या दरम्यान ॲरोमॅटिकच्या गर्दीत दडलेले असतात आणि कार्बनच्या वर्णपटात वेगळे काढता येत नाहीत. त्यांना पकडायला हायड्रोजनकडे जावं लागतं.

तुमचे आकडे घेऊनच करू. हायड्रोजनचं एकूण क्षेत्रफळ १०० धरलं तर ॲरोमॅटिक ६.०, ४.९-५.० ला १.२, ५.८ ला ०.६, ५.३ ते ५.५ ला ०.८, दोन ते चार पीपीएममध्ये ११.०, आणि उरलेलं ८०.४. टोकाच्या दुहेरी बंधात एका कार्बनवर दोन हायड्रोजन आणि दुसऱ्यावर एक, म्हणून १.२ आणि ०.६ हे दोनास एक प्रमाण अगदी जुळतं. ते जुळलं नसतं तर पुढे जाण्याआधी वर्णपटाची आधाररेषा पुन्हा नीट करा असं मी सांगितलं असतं. म्हणजे १०० हायड्रोजनमागे टोकाचे दुहेरी बंध ०.६. मधल्या दुहेरी बंधात सहसा दोन हायड्रोजन, म्हणून ०.८ चे ०.४ बंध. एकूण एक दुहेरी बंध, म्हणजे ओलेफिनचे दोन कार्बन.

मूलद्रव्य विश्लेषणात तुमचं हायड्रोजन-कार्बन प्रमाण १.६० आहे. म्हणून १०० हायड्रोजनमागे कार्बन ६२.५. त्यातले ओलेफिनचे दोन म्हणजे ३.२ टक्के. २५ मधून ३.२ गेले की २१.८. हा तुमचा ॲरोमॅटिक कार्बन. आणि हिशेब बरोबर आहे का हे तपासायची सोय वर्णपटातच आहे: टोकाचे ०.६ बंध म्हणजे ११४.१ आणि १३९.२ या दोन्ही शिखरांवर प्रत्येकी ०.९६ टक्के कार्बन दिसायला हवा. तुमच्या तक्त्यात ११४.१ ला ०.९६ आहेच. हायड्रोजन आणि कार्बन या दोन स्वतंत्र मोजण्यांनी एकच गोष्ट सांगितली की मला त्या नमुन्याबद्दल खात्री वाटते. तसं घडलं नाही तर मी कुठलाच आकडा बाहेर देत नाही.

तेलातला ॲरोमॅटिक कार्बन एनएमआरनं काढायची एएसटीएम डी ५२९२ ही प्रमाणित पद्धत आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी तिचा आग्रह धरला तर त्यांना तिची मर्यादा दाखवा. एक टक्क्याहून जास्त ओलेफिन किंवा फिनॉल असलेल्या नमुन्यांसाठी ती नाही. शेल तेलावर ती वापरायची असेल तर वरची दुरुस्ती केल्याचं स्पष्ट लिहूनच वापरावी.

आता २७ टक्के. ब्राऊन आणि लॅडनर यांनी १९६० मध्ये कोळशाच्या अर्कांसाठी हे सूत्र दिलं, आणि त्यातली युक्ती साधी आहे. साखळ्यांवरच्या हायड्रोजनला दोनानं भागलं की साखळीतले कार्बन मिळतात, ते एकूण कार्बनमधून वजा केले की उरले ते ॲरोमॅटिक. तुमच्याकडे साखळ्यांवरचे हायड्रोजन ११.० अधिक ८०.४, म्हणजे ९१.४. त्यांचे निम्मे ४५.७. ६२.५ मधून ते गेले की १६.८, म्हणजे २६.९ टक्के. या ‘उरलेल्या’त ओलेफिनही आलेच. ते ३.२ काढले की २३.७ उरतात, आणि २१.८ शी अजून दोन टक्क्यांचा फरक राहतो.

हा फरकही काहीतरी सांगतो. प्रत्येक साखळी-कार्बनवर सरासरी दोन हायड्रोजन हे गृहीतक आहे. मिथाइलवर (टोकाच्या कार्बनवर) तीन असतात, नॅफ्थीनच्या (ॲरोमॅटिक नसलेल्या) कड्यांच्या आणि फांद्यांच्या सांध्यांवर एक. दोनाऐवजी १.९५ घेतलं तर हायड्रोजनवरूनही दुहेरी बंधातला एकूण कार्बन २५.० टक्केच येतो, कार्बनच्या थेट मोजणीइतकाच. म्हणजे तुमच्या तेलात कडी आणि सांधे थोडे जास्त आहेत, असं म्हणायला आधार मिळतो. पण त्याआधी मूलद्रव्य विश्लेषण पुन्हा करून घ्या. १.६० च्या जागी १.६२ असतं तर २६.९ चे २६.० झाले असते. तेलात पाण्याचा अंश राहिला तर हायड्रोजन जास्त मोजला जातो, आणि सूत्र त्या चुकीला ॲरोमॅटिकच्या आकड्यात जिरवून टाकतं. म्हणूनच मी हायड्रोजनवरून काढलेला आकडा पडताळणीसाठी वापरतो, मुख्य उत्तर म्हणून कार्बनचीच थेट मोजणी देतो.

ओलेफिन आणखी एका ठिकाणी घात करतात, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. २ ते ४ पीपीएममधले हायड्रोजन आपण ‘कड्याला लागून असलेल्या कार्बनवरचे’ धरतो. दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचे हायड्रोजनही २.० च्या आसपासच येतात. टोकाच्या प्रत्येक बंधाशेजारी दोन, मधल्या प्रत्येक बंधाशेजारी चार, म्हणजे ०.६ चे १.२ आणि ०.४ चे १.६, एकूण २.८. तुमच्या ११.० मधून ते गेले की ८.२ उरतात. कड्यावरच्या किती जागा साखळ्यांनी भरल्या आहेत ते काढताना ११.० घेतलं तर ४८ टक्के येतं, ८.२ घेतलं तर ४१. एवढ्या फरकानं कड्यांचं सगळं चित्र बदलतं, आणि पुढे हायड्रोजनेशनची (तेलाला हायड्रोजन जोडण्याची) परिस्थिती ठरवताना तोच फरक नडतो.

साखळ्यांच्या लांबीबद्दल तुम्ही विचारलंच आहे. कार्बनच्या वर्णपटात सरळ साखळीची शिखरं फार देखणी असतात: टोकाचं मिथाइल १४.१, मग आत जाताना २२.७, ३२.०, २९.४, आणि त्यापुढचे सगळे २९.७ ला एकावर एक. कुठलंही पॅराफिनी तेल असो, हे सर्वांत उंच शिखर २९.७ चंच असतं. पाठ्यपुस्तकातली रीत म्हणजे १४.१ च्या क्षेत्रफळाचे निम्मे म्हणजे साखळ्यांची संख्या, कारण प्रत्येक साखळीला दोन टोकं. शेल तेलात जवळजवळ अर्ध्या साखळ्यांच्या एका टोकाला मिथाइल नसून दुहेरी बंध आहे. म्हणून टोकं मोजताना ११४.१ चं क्षेत्रफळही मिळवायला हवं. तुमच्याकडे सरळ साखळीच्या सगळ्या शिखरांची बेरीज, ओलेफिनच्या ३३.९ आणि २९.० ते २९.२ सकट, ३६ टक्के कार्बन आहे. १४.१ ला ३.२ आणि ११४.१ ला ०.९६. दोन्ही मिळून ४.१६, निम्मे २.०८, आणि ३६ भागिले २.०८ म्हणजे सरासरी १७ कार्बनची साखळी. ११४.१ विसरला असतात तर हा आकडा २२ च्या पुढे गेला असता. कड्यांना लागलेल्या लांब साखळ्यांना एकच मोकळं टोक असतं, त्यामुळे हा आकडाही अंदाजाचाच, पण योग्य घरातला.

याच आकड्यांवरून १०० कार्बनमागे पॅराफिन साखळ्या १.१२ आणि टोकाच्या ओलेफिनच्या ०.९६ येतात. तुमच्या जीसी-एमएसकडे (वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला जोडलेल्या वायू क्रोमॅटोग्राफीकडे) बघा. प्रत्येक कार्बनसंख्येला जी जुळी शिखरं दिसतात, आधी ओलेफिन आणि लगेच मागून पॅराफिन, त्यांची उंची जवळजवळ सारखी आहे ना? दोन्ही तंत्रं एकमेकांना दुजोरा देतात तो इथे. ब्रोमीन अंकावर (दुहेरी बंध मोजण्याच्या रासायनिक चाचणीवर) मात्र या तेलात फार विसंबू नका. नायट्रोजन आणि गंधकाची काही संयुगंही ब्रोमीन खातात, आणि शेल तेलात नायट्रोजनचं प्रमाण नेहमीच्या कच्च्या तेलापेक्षा बरंच जास्त असतं. ग्रीन रिव्हरच्या तेलात ते वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातं.

फांद्या असलेल्या साखळ्यांसाठी १९.७, २२.६, २८.० आणि ३७ च्या आसपासची अणकुचीदार शिखरं बघा. प्रिस्टेन, फायटेनसारखे रेणू तिथे सापडतात. नॅफ्थीन मात्र वेगळी शिखरं देत नाहीत. २४ ते ६० पीपीएममध्ये सगळ्या टोकदार शिखरांखाली जो रुंद फुगवटा असतो तोच त्यांचा. त्यावर आधाररेषा कशी ओढली यावर आकडा पाच-सात टक्के सहज हलतो, म्हणून नॅफ्थीनचा आकडा देताना दशांश देऊ नका. डीईपीटी प्रयोग करून घेतलात तर हायड्रोजनच्या संख्येनुसार कार्बन वेगळे होतात आणि गर्दी बरीच उलगडते, पण त्याची क्षेत्रफळं थेट मोजमापाला वापरायची नाहीत.

एनएमआर रेणूंची यादी देत नाही. ‘सी-१७ पॅराफिन इतके टक्के’ असं तो सांगणार नाही, आणि ११४.१ चं शिखर बघून तो डेसीन आहे की हेक्साडेसीन हे कळायचा मार्ग नाही. ते काम क्रोमॅटोग्राफीचं. एनएमआर अख्ख्या तेलाची ठेवण सांगतो. शिवाय पट्ट्यांत हायड्रोकार्बन नसलेलेही घुसतात: पिरिडीनमधल्या नायट्रोजनच्या शेजारचे हायड्रोजन ८.५ च्या आसपास, फिनॉलचा ऑक्सिजन लागलेला कार्बन १५० ते १५६ ला. कुकरसाइटच्या तेलात फिनॉल इतके असतात की तिथे हा भाग वेगळा मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. तुमच्यात तो नगण्य दिसतोय.

द्रावकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे फार नमुने वाया जातात. ड्युटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) क्लोरोफॉर्ममधल्या उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मची रेष ७.२६ ला, बरोबर ॲरोमॅटिकच्या पट्ट्यात येते. ९९.८ टक्के शुद्धतेच्या ०.६ मिलिलिटर द्रावकात २० मिलिग्रॅम तेल घातलं तर ही एक रेष तुमच्या ॲरोमॅटिक क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाइतकी होते. तेल जास्त घाला, किंवा ९९.९६ टक्क्यांचा द्रावक वापरा, आणि तरीही ती रेष वजा करा. यावर उपाय म्हणून कुणी डायक्लोरोमिथेन सुचवेल. त्याची रेष ५.३२ ला, म्हणजे मधल्या ओलेफिनच्या डोक्यावरच बसते. शेल तेलाला मी त्यापेक्षा क्लोरोफॉर्मच पत्करतो. आणि पुण्याचा पावसाळा लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उघडझाप झालेली क्लोरोफॉर्मची बाटली हवेतला ओलावा ओढते. त्या पाण्याची रेष १.५६ ला येते, साखळ्यांच्या मुख्य उंचवट्याच्या उतारावर, आणि तिथे ती दिसतही नाही. रेण्विक चाळणी घातलेली नवी बाटली घ्या, आणि त्याच दिवशी नुसत्या द्रावकाचाही वर्णपट घ्या.

नमुन्याची निगाही तितकीच महत्त्वाची. हे तेल बाटलीत स्वस्थ बसत नाही. ओलेफिन आणि नायट्रोजनची संयुगं एकमेकांत गुंतून डिंकासारखा साका तयार होतो, रंग काळपट होतो, आणि दोन महिन्यांनी घेतलेल्या वर्णपटात ५.० चा गुच्छ खुजा दिसतो. भट्टीतून निघाल्यावर लगेच नायट्रोजनखाली, अंधारात, थंडीत ठेवा आणि हायड्रोजनचा वर्णपट पहिल्याच आठवड्यात घेऊन टाका. पाणी काढायला निर्जल सोडियम सल्फेट वापरा. रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रव उडवायच्या यंत्रावर) तापवू नका, हलका भाग उडून जातो आणि साखळ्या उगाच लांब दिसतात. खडकाची बारीक भुकटी तेलात असेल तर तिच्यातलं लोह रेषा रुंद करतं, तेव्हा टेफ्लॉनच्या ०.४५ मायक्रॉन गाळणीतून गाळा.

तुमच्या मार्गदर्शकांनी मूळ खडकाचाही एनएमआर घ्या म्हटलंय, ते जरूर करा. खडक दळून घन अवस्थेतला कार्बन-१३ घेतला की केरोजेनमधला साखळीदार आणि ॲरोमॅटिक कार्बन वेगळा दिसतो. मॅसिएल, बार्टुस्का आणि मिकनिस यांनी १९७८ मध्ये दाखवलं की खडकातला साखळीदार कार्बन आणि फिशर चाचणीत (खडक ठरावीक पद्धतीनं तापवून) निघणारं तेल यांचं नातं सरळ आहे. तुमच्याकडे खडक आणि तेल दोन्ही आहेत, तर भट्टीत किती साखळीदार कार्बन तेलात आला आणि किती मागे राहिला याचा ताळेबंद मांडता येईल. तसं काम मला वाचायला फार आवडेल. तेलविहिरीत उतरवतात किंवा मेजावर ठेवतात तो कमी क्षेत्राचा एनएमआर मात्र वेगळा. तो विश्रांतिकाळ मोजून छिद्रांत पाणी किती, तेल किती, घट्ट बिटुमेन किती हे सांगतो. पीपीएमची शिखरं त्यात नसतात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

तक्त्यात तुम्ही असं द्या: ॲरोमॅटिक कार्बन २२ टक्के, अधिक-उणे एक, ओलेफिनचा कार्बन ३.२ टक्के, त्यातला टोकाच्या बंधांचा १.९ आणि मधल्यांचा १.३, सरळ साखळ्यांतला कार्बन ३६ टक्के, सरासरी लांबी १७. खाली टीप म्हणून द्रावकाची शुद्धता, क्रोमियमचं प्रमाण, स्पंदांमधलं अंतर आणि ओलेफिनची दुरुस्ती कशी केली ते लिहा. १७ टक्क्यांची पहिली मोजणी काढून टाकू नका, परिशिष्टात ठेवा आणि तिच्यासोबत ती कोणत्या अंतरानं घेतली होती ते नोंदवा. परीक्षक तिच्याबद्दल विचारतील, आणि तुमच्याकडे उत्तर तयार आहे. मधल्या दुहेरी बंधांचा ०.८ हा आकडा मात्र एकाच वर्णपटावर उभा आहे. बाटलीत तेल उरलं असेल तर ताज्या द्रावकात तो एकदा पुन्हा घ्या.